एक्केचाळीस ग्रेन

मंगळवार, ४ नोव्हेंबर

३० ऑक्टोबरच्या नोंदीत चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. तिथे मी लिहिलंय, "वॉल्टरना डेस्मंडने उत्तर पाठवलं." तसं नाही. उत्तर मी लिहिलं. डेस्मंड, माझा मॅनेजर, त्याने ते माझ्या खांद्यावरून उभ्याउभ्या वाचलं, "ओके, सेंड लाह" म्हणाला आणि जेवायला गेला. "आमच्या बाणांची वजनं तक्त्याप्रमाणेच आहेत, बाण बदलल्यावर नेम पुन्हा जुळवून घेणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे" हे वाक्य पूर्ण माझं आहे. लिहिताना बरं वाटलं होतं. नेटकं झालंय असं वाटलं होतं.

स्वतःच्या वहीत खोटं का लिहिलं? वाचणारं दुसरं कुणी नाही.

काल वॉल्टरचं उत्तर आलं म्हणून हे सगळं पुन्हा उघडलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

त्यांची दोन्ही पत्रं प्रिंट काढून वाचली. नीट, क्रमाने.

वॉल्टर, वय ७१, ओंटारिओ, कॅनडा. वीस वर्षं एकच क्रॉसबो, एकाच वजनाचे बाण, ४०० ग्रेन. जुने संपले, ते बनवणारा कारखाना बंद झाला. आमचा तक्ता पाहून आमचे ४०० चे मागवले. घरामागे वीस यार्डांवर दोन मारून पाहिले, बरोबर बसले. मग मेव्हण्याबरोबर रानात. चाळीस यार्डांवर हरीण. बाण खाली लागला. चार तास दोघं रक्ताच्या मागावर चालले, मग बर्फ पडायला लागला आणि माग बुजला. सापडलं नाही. शेवटी एकच प्रश्न होता: बाणात काही फरक असू शकतो का?

मी एकही बाण न तोलता नाही म्हटलं.

परवाचं त्यांचं पत्र पाच ओळींचं. म्हणतात, तुमचं बरोबर आहे, माझे डोळेच गेले असणार, बायको कधीची म्हणत होती. क्रॉसबो भाच्याला देऊन टाकतोय, तो शनिवारी २२ तारखेला न्यायला येईल. आणि शेवटी: "सरळ सांगितल्याबद्दल आभार."

उद्या बाण तोलून बघते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तोलले.

आमच्या कारखान्यात कार्बनच्या नळ्या होतात, ड्रोनसाठी, गळांच्या काठ्यांसाठी, आणि एका कोपऱ्यात क्रॉसबोचे बाण. धनुष्य एकही नाही, त्याला इथे परवाना लागतो. बाण सुटताना मी आयुष्यात पाहिलेला नाही. पण वजनाचा तक्ता माझा. मार्चमध्ये केला, नोकरीला दोन महिने झाले होते.

तपासणीच्या टेबलावर लिम अंकल असतात, तीसेक वर्षं इथे तुआसच्या कारखान्यांतच काढलेली. त्यांचा काटा मागितला. दहा बाण, तयार, पाकिटातले. ४४०, ४४१, ४४२, ४४१. एकही ४०० नाही.

अंकलनी चष्म्यावरून पाहिलं. तुझा तक्ता काय म्हणतो? मी सांगितलं. त्यांनी एक बाण उचलून बोटावर तोलला. मग म्हणाले, मार्चमध्ये कचऱ्याच्या डब्यात पिसं सोललेले बाण दिसले होते, मला वाटलं तू डिंक तपासतेयस.

डिंक नाही. मी वजन करत होते. नमुन्याच्या बाणांची पिसं ब्लेडने सोलून, मागची प्लास्टिकची नॉक उपटून, मग तोलले होते. स्वच्छ वजन यावं म्हणून. नळी, आतलं पितळ, पुढचं पातं, बस. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. उलट जास्तीचे कष्ट घेतले होते.

अंकल त्यांच्या त्या इंग्रजीत म्हणाले, "बाण उडतो तेव्हा पिसं घरी ठेवून जातो का?" आणि हसले. मीही हसले. मग टॉयलेटमध्ये जाऊन बसले.

तीन पिसं, एक नॉक, डिंकाचे थेंब. एक्केचाळीस ग्रेन. अडीच ग्रॅमच्या जरा वर.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

गणित केलं, तीनदा. तोच क्रॉसबो, ४०० ऐवजी ४४१. बाण थोडा हळू. वीस यार्डांवर अर्धा इंच खाली. एवढं कुणाच्याही लक्षात येणार नाही, दोन बाणांत तर नाहीच. चाळीस यार्डांवर दोन इंच. माझी तीन बोटं.

तीन बोटांनी काळीज चुकतं का, हे मला माहीत नाही. शोधायला बसले आणि एक चित्र पाहून बंद केलं. मार्चमध्ये हेच चित्र पाहिलं असतं तर? पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त आकडे होते. हलका बाण वेगाने आणि सपाट जातो, जड बाण हळू पण खोल. फार हलका घेतला तर जोर बाणात न जाता धनुष्यालाच बसतो, म्हणून प्रत्येक क्रॉसबोवर किमान वजन छापलेलं असतं. हे सगळं मी पत्रकात इतक्या हौसेने लिहिलं. कशात खोल, ते लिहिलं नाही.

कँटीनमधल्या आँटीला मी रोज विचारते, कांगकोंगच्या पालेभाजीत बेलाचान नाही ना? हल्ली मी ट्रे उचलला की तीच आधी सांगते, नो लाह, नो. सुक्या कोळंबीची चटणी चुकून पोटात जाऊ नये याची एवढी काळजी!

रविवार, ९ नोव्हेंबर

अण्णांना फोन.

मी मुद्दामच आडून सुरुवात केली. अण्णा, आपल्या दुकानात वजन कसं करायचो? त्यांना आनंद झाला. दम्यामुळे दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. संगमनेरच्या दुकानात त्यांच्या समोर बसून काट्यावरच बेरीज-वजाबाकी शिकले. ते म्हणाले, कसं म्हणजे, लाख वजा, दोरा वजा, खडे वजा, उरेल ते सोनं. मी म्हटलं, बघा, मी तेच केलं. चिकटवलेलं सगळं काढून टाकलं. आणि सगळं सांगितलं. सांगताना माझ्या आवाजात थोडी तक्रार होती, जणू हे त्यांनीच मला शिकवलं.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "आपल्या पावतीवर वजनाचे दोन रकाने होते, विसरलीस? एकूण आणि निव्वळ. तू निव्वळ वाचायचीस. एकूण मी वाचायचो."

खरंय. ते मोठ्याने "एकूण" म्हणून आकडा सांगत आणि लिहीत. मग मी काट्याकडे वाकून निव्वळ सांगे. त्यांचा आकडा मी कधी ऐकलाच नाही. माझी पाळी कधी येते याची वाट बघत असायचे.

म्हणजे ही सबबही गेली.

त्यांनी विचारलं, मग ते जनावर सापडलं का? म्हटलं, नाही. मग, तो माणूस काय म्हणतो? म्हटलं, डोळे गेले म्हणतो, सोडून देतोय.

अण्णांनी तीन वर्षांपूर्वी जडावाचं काम बंद केलं. ते म्हणाले, "माझे खरंच गेले होते. तरी वर्षभर मी काट्यालाच दोष देत होतो. त्याचे गेले नसतील तर सांग बाई त्याला."

सांगते म्हटलं. म्हटलं खरं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

डेस्मंडला सांगितलं. काट्याचे आकडे छापून नेले होते, दहाच्या दहा. वाटलं होतं चिडेल. चिडला नाही. खुर्ची ओढून दिली, आकडे पाहिले, "आयो" म्हणाला, आणि तासाभरात वेबसाइटवरचा तक्ता बदलून घेतला. छापील पत्रक जानेवारीत बदलायचं. मला म्हणाला, बरं झालं जडच्या बाजूला चुकलीस. उलटं झालं असतं तर लोकांची धनुष्यं तुटली असती, हाताला लागलं असतं. जड म्हणजे सेफ.

मी म्हटलं, आणि वॉल्टर?

"केस क्लोज्ड. थँक यू म्हणालाय तो. आता कशाला टोचायचं?"

मी म्हटलं, आपण त्यांना चुकीचं सांगितलं. तो म्हणाला, आपण सांगितलं की बाण बदलला की नेम जुळवा. त्यात चूक काय? कुठलाही शिकारी हेच सांगेल. आणि त्याला लिहिलंस तर तो विचारेल, बाकीच्यांचं काय? मग बाकीच्यांना लिहायचं? कोण, किती, तुला माहीत आहे?

दाराशी हसून म्हणाला, शाकाहारी मुलगी हरीण मारणाऱ्याची काळजी करते, फर्स्ट टाइम आय सी.

त्याने माझ्या ईपीचा, इथे नोकरी करायच्या पासचा, विषय काढला नाही. मीच मनात काढला. पास जानेवारीत संपतो, नूतनीकरणाचं पत्र डिसेंबरमध्ये, सही डेस्मंडची. हे इथे लिहून ठेवते, नाहीतर महिन्याभराने मीच लिहीन की तेव्हा मला पासचं सुचलंसुद्धा नव्हतं.

बाहेर येताना हलकं वाटत होतं. मॅनेजरला सांगितलं, त्याने नको म्हटलं, माझं काम झालं. घरी जाताना जुरोंग ईस्ट स्टेशनवर गाडी बदलेपर्यंत ते टिकलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज माझंच पत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलं. छापून आल्यावर वाचलंच नव्हतं, लाज वाटते म्हणून. पान दोन, खाली, चौकटीत, ठळक अक्षरांत:

"एक वजन ठरवा आणि तेच ठेवा. वजन तेच असेल तर नेम पुन्हा जुळवायची सहसा गरज पडत नाही."

माझं वाक्य. चौकटीत घालायची कल्पनाही माझीच.

म्हणजे त्या माणसाने आम्ही सांगितलं तेच केलं. तेच वजन, नेम तसाच. आणि मी त्यांना लिहिलं, नेम जुळवणं ही तुमची जबाबदारी.

डेस्मंडला ही चौकट दाखवली नाही. का नाही? तो पुन्हा म्हणेल कशाला टोचायचं, आणि या वेळी मला ते पटू शकत नाही, मग काहीतरी करावं लागेल, म्हणून.

जेवताना लिम अंकलना दाखवली. वाचून त्यांनी पत्रकाची परत घडी घातली, ते माझ्या ट्रेखाली सरकवलं, आणि आपला भात खात राहिले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मृणालताई पोळ्या लाटत होती, मी भाजत होते. चोआ चू कांगच्या या फ्लॅटमध्ये तिच्याकडे खोली घेतली ती आठ महिन्यांसाठी; आता घरातलीच झालेय. तिने विचारलं, आठवडाभर तोंड का उतरलंय? सांगितलं.

ती बँकेत ऑडिट करते. दुसऱ्याच्या कागदातली चूक तिच्या हाताला आपोआप लागते. मला वाटलं होतं ती म्हणेल, आत्ताच्या आत्ता लिही. ती म्हणाली, पास रिन्यू होऊ दे आधी. जानेवारीत लिही. म्हातारा कुठे पळून जातोय?

मी म्हटलं, क्रॉसबो पुढच्या शनिवारी जातोय.

"भाच्याकडून परत मागता येतो गं. तुझा पास परत मागता येतो का?"

बरोबर आहे तिचं. ती पासवर नऊ वर्षं होती, मग पीआर, म्हणजे कायमचा रहिवास मिळाला. तिला माहीत आहे ते काय असतं.

पोळी उलटायची राहिली, करपली. ती बाजूला काढत ताई म्हणाली, "आणि खरं सांग, म्हाताऱ्याने शिकार सोडली तर तुला आतून बरंच वाटेल ना? मुंगी मारत नाहीस तू. बाण मात्र विकतेस."

तिने टोमणा म्हणूनच मारला होता, पण बसला तो दुसरीकडेच. कारण हे मी मंगळवारपासून खरोखर स्वतःशी म्हणत होते: एक माणूस थांबला तर वर्षाला एक हरीण वाचेल, माझ्या चुकीतून निदान एवढं तरी निघालं. इथे लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

हे कारण खोटं आहे. मला हरणांची इतकी दया असती तर ही नोकरीच घेतली नसती. मुलाखतीत तर मीच विचारलं होतं, बाणांचा विभाग मिळेल का, कारण त्यात वजन-मापाचं काम जास्त होतं. ते एक हरीण बर्फात कुठे पडलं, किती वेळ लागला, हे मी आजही पूर्ण मनात आणू शकत नाही. नर की मादी, तेही वॉल्टरनी लिहिलेलं नाही. मी विचारलं नाही.

आणि त्यांनी पहिल्या पत्रात आणखी एक लिहिलं होतं, ते मी ५ तारखेला क्रमाने लिहिताना गाळलं. लिहिलं होतं की एका हरणात त्यांचा आणि धाकट्या भावाच्या विधवा बायकोचा हिवाळा निघतो, आणि वीस वर्षांत मागे सोडून आलेलं हे पहिलंच. तोपर्यंत त्यांना मी फक्त शिकारी समजत होते. तसंच समजत राहता यावं म्हणून गाळलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

पत्राचे खर्डे. इंग्रजीत, पण इथे मराठीत.

पहिला: "क्षमस्व" सात वेळा आलं. वाचणाऱ्यालाच माझी समजूत घालावी लागेल असं पत्र. फाडलं.

दुसरा: अण्णा, दुकान, निव्वळ वजन, पिसं सोलणं, सगळं. छान झाला होता. तेच वाईट. त्यांना माझ्या लहानपणाशी काय करायचंय? फाडला.

तिसरा: "माझ्या मॅनेजरच्या सल्ल्याविरुद्ध हे लिहीत आहे." ही ओळ खोडली. त्यात मी चांगली दिसते.

चौथा ठेवलाय:

"प्रिय वॉल्टर, ३० ऑक्टोबरचं उत्तर मी लिहिलं होतं आणि ते चुकीचं होतं. तुम्हाला पाठवलेले बाण ४०० नव्हे, सुमारे ४४१ ग्रेनचे आहेत. तक्ता मी केला होता. वजन करताना पिसं आणि नॉक धरली नाहीत. तुमच्या क्रॉसबोवर चाळीस यार्डांना यामुळे बाण सुमारे दोन इंच खाली जाईल, वीस यार्डांना फरक कळणार नाही. वजन तेच ठेवलं तर नेम जुळवायची गरज नाही, हे आमच्याच पत्रकात लिहिलं आहे. तुम्ही त्याप्रमाणेच केलंत. तुमच्या डोळ्यांबद्दल मला काही माहीत नाही, म्हणून ते ठीक आहेत असं मी म्हणत नाही. बाण जड होता, हे माहीत आहे."

पुढे हरणाबद्दल एक ओळ हवी. चार वेळा लिहिली. "तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल", नाही, त्रास एकट्या त्यांनाच झालेला नाही. जागा मोकळी ठेवली आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

डेस्मंड पेनांगला. बुधवारी सकाळी परत.

पत्र ड्राफ्ट्समध्ये आहे. आज तीनदा उघडलं. एकदा "सेंड"वर बाण नेऊन ठेवला आणि टेबलावरचा फोन वाजला, शिपिंगचा, चुकीच्या नंबरवर. दोघांनीही सॉरी म्हटलं. मग पत्र बंद केलं.

शिपिंगला परत फोन लावला. मार्चपासून ४०० चे किती पत्त्यांवर गेले, यादी मिळेल का? मिळेल म्हणाले, दोन दिवसांत. डेस्मंडने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते नसणं सोयीचं होतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

यादी एक दिवस आधीच आली. एकतीस पत्ते. कॅनडा, न्यूझीलंड, थोडे इतर. वॉल्टरचं नाव एकोणिसावं. बाकी तिसांपैकी कुणाची तक्रार नाही. त्यांनी नेम जुळवून घेतला असेल. किंवा कुणीतरी गप्पच आपले डोळे गेले समजून बसलं असेल.

आजच पाठवायचं ठरवून आले होते. डेस्मंड नाही, ऑफिस शांत, भाचा यायला चार दिवस. तो परत येईपर्यंत पत्र जाऊन पोचलेलं असेल, मग तो काय करणार? असं दुपारपर्यंत ठरलेलं होतं. मग कळलं की मी पुन्हा तेच करतेय: ३० तारखेला उत्तर लिहून वहीत त्याचं नाव घातलं, आता पत्र पाठवून त्याला बाहेर ठेवणार. पत्रात "आमच्याच पत्रकात" म्हटलंय. त्या "आमच्या"त तो आहे. सही न करण्याचा, पासच्या पत्रावरसुद्धा, त्याचा हक्क त्याच्या समोर उभं राहूनच त्याला द्यायला हवा.

मृणालताईला सांगितलं. ती म्हणाली, वेडी आहेस, आणि डब्यात उद्यासाठी दोन पोळ्या जास्त घातल्या.

हरणाची ओळ अजून नाही. उद्या सकाळपर्यंत सुचली तर घालीन, नाही सुचली तर पत्र तिच्याशिवाय जाईल.

डेस्मंड नऊला येतो, कॉफी घेतो, साडेनऊला दार उघडं ठेवतो. आधी चौकट दाखवायची, मग यादी, मग पत्र. तो हो म्हणो वा नको म्हणो, त्याच्या देखत पाठवायचं.

उद्या, बुधवार, १९ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ.